यंत्राची चित्रे आणि माणसाचा हात

(कलाशिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असा प्रश्न आला असेल की, संगणकाने काढलेली चित्रे हा मोठ्या शहरांचा आणि परदेशांचा विषय असताना तो आपल्यापुढे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या रोजच्या कामातच आहे. ग्रामपंचायतीची दिनदर्शिका, शाळेच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका, लसीकरणाचे भित्तिपत्रक, जत्रेचा फलक, पाणलोट योजनेची माहितीपुस्तिका, या प्रत्येक ठिकाणी चित्र लागते. आजवर ते कोणी ना कोणी माणूस काढीत असे आणि त्याला त्याचे चार पैसे मिळत असत. आता तेच चित्र भ्रमणध्वनीवर दोन ओळी लिहिल्या की अर्ध्या मिनिटात हजर होते. ते स्वीकारावयाचे की नाही, हा निर्णय आपल्यापैकी अनेकजण आजच घेत आहेत. तो विचारपूर्वक घेतला जावा, एवढ्यासाठी हा विषय आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

यंत्र चित्र कसे काढते?

प्रथम ही क्रिया कशी घडते ते थोडक्यात पाहू. कारण ती नीट न कळल्यामुळे एका बाजूस भाबडे कौतुक आणि दुसऱ्या बाजूस अवास्तव भीती, अशा दोन्ही गोष्टी वाढीस लागल्या आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या यंत्रणेला प्रथम कोट्यवधी चित्रे आणि प्रत्येक चित्राखालचा मजकूर दाखविला जातो. जर्मनीतील एका ना-नफा संस्थेने २०२२ साली अशा चित्र-मजकुराच्या जोड्यांची एक प्रचंड यादी प्रसिद्ध केली. तीत सुमारे ५८५ कोटी नोंदी होत्या. यादीतील चित्रे महाजालावरून यंत्रानेच शोधली होती. ती ज्यांनी काढली त्यांना कोणी विचारले नव्हते. चित्रावर बारीक ठिपक्यांचा गोंगाट पसरावयाचा आणि तो पुसून मूळ आकृती पुन्हा कशी मिळवावी हे यंत्राला शिकवावयाचे, असा अभ्यास अगणित वेळा करून घेतला जातो. शेवटी यंत्र केवळ ठिपक्यांच्या गोंगाटापासून प्रारंभ करून, आपण दिलेल्या शब्दांशी जुळेल अशी नवी आकृती तयार करू लागते. त्याच्याजवळ मूळ चित्रांचा साठा कपाटातल्यासारखा नसतो, तर त्या चित्रांतून निघालेल्या संबंधांचे आकडे असतात. ‘बैल’ या शब्दाबरोबर कोणते आकार येतात, ‘संध्याकाळ’ या शब्दाबरोबर कोणते रंग येतात, याचे ते गणित आहे. त्याने बैल कधी पाहिलेला नाही आणि संध्याकाळही अनुभवलेली नाही.

या विद्येची वाढ फार वेगाने झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथील ख्रिस्तीज या लिलावगृहात यंत्राच्या साह्याने तयार केलेले एक व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलर्सना विकले गेले, तेव्हा जगाने ते एक कुतूहल म्हणून पाहिले. २०२२ साली डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही साधने काही महिन्यांच्या अंतराने सर्वसामान्यांच्या हाती आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत अंकीय चित्रांच्या विभागात मिडजर्नीच्या साह्याने केलेल्या चित्रास पहिले पारितोषिक मिळाले आणि मोठा वाद उठला. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन छायाचित्रकाराने एका जागतिक छायाचित्र स्पर्धेतील पारितोषिक नाकारले आणि आपली प्रतिमा यंत्रनिर्मित असल्याचे जाहीर केले. परीक्षकांनाही यंत्राचे काम आणि माणसाचे काम यांतील भेद ओळखता येत नाही, ही गोष्ट या दोन प्रसंगांनी जगापुढे आली.

पूर्वीचे धक्के

कलावंतावर यंत्राचे संकट प्रथमच आले आहे असे नाही. १८३९ साली डागेर या फ्रेंच संशोधकाची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. त्यानंतरच्या काही दशकांत हस्तिदंतावर लहान व्यक्तिचित्रे काढून उदरनिर्वाह करणाऱ्या युरोपातील चित्रकारांचा व्यवसाय जवळजवळ बुडाला. काहींनी छायाचित्रांवर रंग भरण्याचे काम पत्करले, काही स्वतःच छायाचित्रकार झाले. चित्रकलेने मात्र नवी वाट शोधली. हुबेहूब नक्कल यंत्राकडे गेल्यावर प्रकाश, क्षण आणि मनोभाव यांचा शोध चित्रकार घेऊ लागले. पॅरिसमध्ये १८७४ साली भरलेले दृक्प्रत्ययवादी चित्रकारांचे पहिले प्रदर्शन त्या शोधाची साक्ष देते.

आपल्याकडेही असेच घडले आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. त्या छापखान्यातून निघालेल्या देवदेवतांच्या रंगीत तसबिरी खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंतींवर पोहोचल्या. हाताने देवांची चित्रे काढणाऱ्या अनेक स्थानिक चित्रकारांचे काम त्यामुळे कमी झाले, तथापि छपाईच्या त्याच धंद्याने चित्रकारांसाठी नवा रोजगारही निर्माण केला. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मासिक मनोरंजन’ने दिवाळी अंकांची प्रथा पाडली. पुढील पिढ्यांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्यासारख्या चित्रकारांनी मुखपृष्ठे, कथाचित्रे आणि दिनदर्शिका यांच्या बळावर महाराष्ट्राच्या घराघरात स्थान मिळविले. दलालांनी तर १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. छापखान्याने कलावंताचे एक काम काढून घेतले आणि दुसरे दिले, असे या इतिहासावरून म्हणता येते.

तिसरा धक्का आपल्या सर्वांच्या डोळ्यांदेखत बसला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपासून चित्रपटांच्या हाताने रंगविलेल्या फलकांची मोठी परंपरा महाराष्ट्रात होती. मकबूल फिदा हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत असे फलक रंगविले होते. गावोगावी तर ‘पेंटर’ नावाची एक व्यक्तीच असे. दुकानाची पाटी, ट्रकच्या मागील बाजूवरचे कमळ, शाळेच्या भिंतीवरील सुविचार, निवडणुकीच्या घोषणा, सारे तिच्याच हातचे. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात गावांच्या भिंती घोषवाक्यांनी बोलू लागल्या, त्याही याच हातांनी. संगणकावर छापल्या जाणाऱ्या फ्लेक्सने हे काम बघता बघता काढून घेतले. त्या वेळी आपण पेंटरचे काय होणार, असा प्रश्न फारसा कोठे विचारला नाही. फ्लेक्स स्वस्त आणि झटपट होता, एवढे कारण पुरेसे वाटले. आज गावातील तो पेंटर शोधावयास निघालो तर कित्येक ठिकाणी तो घरांना रंग देण्याचे काम करताना आढळतो आणि त्याचा मुलगा ब्रश हाती धरीत नाही. देवनागरी अक्षराची उंची, जाडी, वेलांटीचा डौल यांचे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले, ते या एका उदासीनतेने अनेक गावांतून संपले.

या वेळचा फरक

मग या खेपेस निराळे काय आहे? माझ्या मते तीन गोष्टी निराळ्या आहेत.

पहिली गोष्ट अशी की, छायाचित्रणाच्या यंत्राला चित्रकाराच्या चित्रांची गरज नव्हती. कॅमेरा थेट सृष्टीकडे पाहत होता. या नव्या यंत्राच्या शिक्षणात मात्र कलावंतांची चित्रेही वापरली गेली आहेत. ज्यांच्या श्रमातून ते शिकले, त्यांच्याच पोटावर ते पाय देते आणि मोबदला मात्र तिसऱ्याच्या खिशात जातो. ग्रेग रुत्कोव्हस्की या पोलिश चित्रकाराचे उदाहरण सर्वश्रुत आहे. त्याचे नाव लिहून त्याच्या धर्तीची चित्रे काढण्याचा सपाटा २०२२ साली इतका चालला की, त्याच्या नावाने शोध घेतला असता त्याने न काढलेलीच चित्रे पुढे येऊ लागली. मार्च २०२५ मध्ये जपानच्या जिब्ली या चित्रपटसंस्थेच्या शैलीत आपापली छायाचित्रे बदलून घेण्याची लाट जगभर आली आणि आपल्याकडेही ती मोठ्या हौसेने पोहोचली. त्या शैलीमागे कित्येक दशकांचे हाताने केलेले चित्रांकन आहे, याचा विचार त्या उत्साहात फारच थोड्यांनी केला.

दुसरी गोष्ट वेगाची. छायाचित्रणाने व्यवसाय बदलण्यास काही दशके घेतली. फ्लेक्सने दहा-पंधरा वर्षे घेतली. येथे दोन-तीन वर्षांतच बोधचित्रकार, मुखपृष्ठकार, जाहिरातींचे मांडणीकार यांच्या कामाचे स्वरूप पालटले आहे. नवा धंदा शिकण्यास माणसाला जेवढा अवधी लागतो, तेवढाही मिळालेला नाही.

तिसरी गोष्ट अधिक खोल आहे. ज्यांची चित्रे कलादालनांत लागतात, त्यांना या यंत्रापासून तूर्त विशेष भय नाही. तेथे ग्राहक चित्राबरोबर चित्रकारही विकत घेत असतो. फटका बसतो तो पायरीवरच्या माणसाला. कलाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला तरुण प्रथम लहानसहान कामे घेतो. निमंत्रणपत्रिका, पाठ्यपुस्तकातील चित्र, एखाद्या संस्थेचे बोधचिन्ह अशा कामांवर तो जगतो आणि त्यातूनच शिकतो. नेमकी हीच कामे यंत्राकडे जात आहेत. खालच्या पायऱ्या काढून टाकल्या तर माडीवर माणसे चढणार कशी? आजच्या बोधचित्रकारांना काम मिळाले नाही, तर वीस वर्षांनंतरचे थोर चित्रकार कोठून येणार, हा प्रश्न कलेच्या क्षेत्रापुरता मर्यादित नाही, तो समाजाचा प्रश्न आहे.

लोककलांचा प्रश्न

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे लोककलांची. वारली चित्रकला आज जगाला ठाऊक आहे. १९७० नंतरच्या काळात ती जगापुढे आली आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या कार्याने तिला मान्यता मिळाली. २०११ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. २०१८ साली ते निवर्तले. मुळात ही कला लग्नप्रसंगीच्या चौकाची. गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते आणि धवलेरीच्या गाण्यांवाचून विधी पुरा होत नाही. तेथे प्रत्येक रेषेला स्थान आहे, क्रम आहे, अर्थ आहे.

यंत्राला ‘वारली चित्र’ असे सांगितले की ते त्रिकोणी धडाची पांढरी माणसे, एक झाड, एक झोपडी आणि तारप्याभोवतीचा फेर क्षणात काढून देते. दुरून ते खरे वाटते. जवळून पाहिले तर तारपा वाजविणारा नाचणाऱ्यांकडे पाठ करून उभा दिसेल, फेराची साखळी मधेच तुटलेली दिसेल, चौकाच्या कडेच्या नक्षीला काही अर्थ उरलेला दिसणार नाही. कारण यंत्राने वारली चित्रांचे बाह्य रूप उचलले आहे. तो चौक कशासाठी लिहितात हे त्याला कोणी सांगितलेले नाही. उद्या अशा चित्रांनी दिनदर्शिका, पडदे आणि शासकीय पुस्तिका भरून गेल्या, तर पालघर जिल्ह्यातील पुढची पिढीच ते नकली रूप खरे मानून गिरवू लागेल, हा धोका मला पैशाच्या हानीपेक्षाही मोठा वाटतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावच्या चित्रकथीचेही असेच आहे. ठाकर समाजातील कलावंत पोथीतील एकेक चित्र पुढे धरून, वाद्यांच्या साथीवर रामायण-महाभारतातील आख्याने सांगतात. परशुराम गंगावणे यांनी ही कला जिवंत ठेवली आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्रकथीत चित्र हा कथनाचा अर्धा भाग आहे, उरलेला अर्धा सांगणाऱ्याच्या कंठात आहे. यंत्राने चित्राची नक्कल केली तरी ती अर्ध्याचीच नक्कल होय.

येथे कायद्याची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. कायद्याचे कृतिस्वामित्व एखाद्या विशिष्ट कृतीला मिळते, शैलीला मिळत नाही. शिवाय ते ओळखता येणाऱ्या कर्त्याला मिळते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या समूहाला नाही. वारली चित्रांना भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली आहे आणि तिचा उपयोग नावाच्या गैरवापराविरुद्ध होतो. परंतु कोणी त्या धर्तीचे चित्र यंत्राकडून काढून घेतले आणि ‘वारली’ हे नाव न लावता विकले, तर ती नोंदणी फारशी कामास येत नाही. म्हणूनच लोककलांच्या बाबतीत केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. ग्राहकाचा विवेक आणि शासकीय कार्यालयांची खरेदीची शिस्त यांवरच पुष्कळसे अवलंबून आहे.

कायदा काय सांगतो?

कायद्याचा उल्लेख आलाच आहे, तर त्याची आणखी थोडी ओळख करून घेऊ. आपला कृतिस्वामित्व कायदा १९५७ चा आहे. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात संगणकाद्वारे निर्माण झालेल्या कृतीचा उल्लेख आला. अशी कृती जो निर्माण करवितो तो तिचा कर्ता, असे त्यात म्हटले आहे. त्या वेळी आजच्यासारखी यंत्रे कोणाच्या कल्पनेतही नव्हती, त्यामुळे ‘करविणारा’ म्हणजे नेमका कोण, यावर आज मतभेद आहेत. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मानवी कर्त्यावाचून कृतिस्वामित्व नाही, असा निर्णय दिला. त्याउलट बीजिंगच्या एका न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये, सूचना देणाऱ्या माणसाचे बौद्धिक श्रम लक्षात घेऊन, यंत्राच्या साह्याने केलेल्या प्रतिमेस संरक्षण दिले. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील तीन चित्रकर्तींनी या यंत्रांच्या कंपन्यांवर दावा दाखल केला. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल या बलाढ्य चित्रपटसंस्थाही न्यायालयात गेल्या. जगात या बाबतीत अद्याप एकमत झालेले नाही, हेच यावरून दिसते.

आवाजाच्या बाबतीत मात्र आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट पाऊल उचलले आहे. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजितसिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास न्यायालयाने अंतरिम मनाई केली. पुढच्या वर्षी आशा भोसले यांनाही असाच दिलासा मिळाला. या निर्णयांचे तत्त्व सोपे आहे. माणसाचा आवाज आणि व्यक्तिमत्त्व ही त्याची स्वतःची ठेव आहे आणि ती त्याच्या संमतीवाचून कोणी वापरू नये. संमतीने केलेला वापर वेगळा. संगीतकार ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या एका तमिळ चित्रपटात दोन दिवंगत गायकांचे आवाज यंत्राच्या साह्याने वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेऊन मोबदला दिल्याचे त्यांनी जाहीर केले होते. साधन तेच असते. संमती आणि मोबदला यांमुळे त्याच्या वापराची नीती बदलते.

आपल्या कायद्यातील आणखी दोन तरतुदी कलावंतांनी आणि त्यांना काम देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवाव्यात. मोबदला देऊन एखाद्याने चित्र काढवून घेतले आणि निराळा करार केलेला नसेल, तर त्या चित्राचे पहिले स्वामित्व काढवून घेणाऱ्याकडे जाते. म्हणून करार लेखी हवा. स्वामित्वाचे हस्तांतरणही लेखीच करावे लागते आणि मुदत लिहिलेली नसल्यास ते ५ वर्षांपुरते मानले जाते. दुसरी तरतूद कलम ५७ ची. स्वामित्व दुसऱ्याकडे गेले तरी कृतीवर आपले नाव असण्याचा आणि तिची विटंबना थांबविण्याचा कलावंताचा हक्क कायम राहतो. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भव्य कांस्यशिल्प १९७९ साली काढून कोठारात टाकण्यात आले, तेव्हा ते न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प कलावंतास परत करण्याचा आणि ५ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश शासनास दिला. शासकीय खात्यांनी हा निर्णय विसरू नये.

आपण काय करावे?

यंत्राला बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. ते शक्यही नाही आणि योग्यही नाही. दुर्गम भागातील एकशिक्षकी शाळेतील गुरुजींना परागीभवनाचे चित्र हवे आहे, चित्रकार जवळपास नाही आणि पैसाही नाही. त्यांनी यंत्राकडून चित्र घेतले तर त्यात कोणाचा घास हिरावला जात नाही. मात्र फुलाचे अवयव बरोबर आहेत की नाहीत, हे त्यांनी स्वतः पडताळलेच पाहिजे, कारण यंत्र चूकही तितक्याच आत्मविश्वासाने काढते. देवनागरी अक्षरांच्या बाबतीत तर ही काळजी विशेष घ्यावी लागते. अशा कित्येक प्रतिमांत जोडाक्षरे मोडलेली आणि काना-मात्रा भलतीकडेच गेलेल्या आढळतात. कमल शेडगे यांच्या नाटकांच्या शीर्षकांनी ज्या महाराष्ट्राला अक्षराचे सौंदर्य दाखविले आणि ज्या महाराष्ट्रातील अच्युत पालव यांना सुलेखनासाठी २०२५ साली पद्मश्री मिळाली, त्याच महाराष्ट्राच्या शासकीय फलकावर मोडके अक्षर लागावे, हे शोभादायक नाही.

पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी की, गावाच्या भिंती, शाळा, अंगणवाडी आणि समाजमंदिर यांवरील चित्रांचे काम शक्य तेथे गावातील अथवा तालुक्यातील चित्रकारास द्यावे. अंदाजपत्रकात त्यासाठी लहानशी का होईना, रक्कम दाखवावी. भिंतीच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव आणि वर्ष लिहू द्यावे. याला खर्च काही येत नाही, पण त्या नावामुळे त्याला पुढचे काम मिळते. आपल्या परिसरात लोककलावंत असतील तर त्यांची नोंद ठेवावी. त्यांच्या चित्रांची छायाचित्रे कोणी संस्था ‘जतन करण्यासाठी’ घेऊ लागली, तर ती पुढे कोठे व कशासाठी वापरली जाणार आणि यंत्राच्या शिक्षणासाठी दिली जाणार काय, हे लेखी विचारावे. ग्रामसभेत तो विषय मांडावा.

अधिकारी वर्गाने दोन पथ्ये पाळली तरी पुष्कळ होईल. प्रकाशनात यंत्रनिर्मित चित्र वापरले असेल तर तसे चित्राखाली स्पष्ट छापावे. वाचकाची फसवणूक होऊ नये आणि पूरग्रस्तांचे किंवा लाभार्थींचे म्हणून यंत्राने बनविलेले चेहरे कदापि छापले जाऊ नयेत, कारण तेथे प्रश्न कलेचा नसून सत्याचा आहे. दुसरे, कामाचा आदेश देताना चित्रकाराकडून कोणते हक्क घेतले जात आहेत, किती मुदतीसाठी घेतले जात आहेत, हे त्याला समजेल अशा मराठीत लिहावे आणि देयक वेळेवर अदा करावे. यंत्राच्या स्पर्धेपेक्षा महिनोन्‌महिने अडलेल्या देयकाने कलावंत अधिक लवकर खचतो.

शिक्षकांवर मात्र सर्वांत मोठी जबाबदारी आहे. यंत्र चित्र काढते, मग मुलांनी चित्रकला कशाला शिकावी, असे काही पालक विचारू लागले आहेत. त्यांना असे सांगावे की, गणकयंत्र आले म्हणून आपण पाढे सोडले नाहीत. मूल जेव्हा समोरचा तांब्या पाहून काढते, तेव्हा ते तांब्या पाहावयास शिकते. कडेचा वळसा, पोटावरची सावली, तळाचा टेका यांकडे त्याचे लक्ष जाते. पाहण्याची ही सवय पुढे शास्त्रज्ञाला, वैद्याला, सुताराला आणि शेतकऱ्याला सारखीच उपयोगी पडते. चित्र हे त्या शिक्षणाचे फळ आहे, आणि यंत्र केवळ फळ देते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांमध्ये विद्यार्थी आजही परीक्षकांसमोर बसून हाताने काढतो, या पद्धतीचे मोल आता अधिकच वाढले आहे. शालेय स्पर्धांतही घरून आणलेल्या पूर्ण चित्रापेक्षा वर्गात काढलेल्या चित्राला आणि त्यामागच्या कच्च्या रेखाटनांना महत्त्व द्यावे. मोठ्या वर्गांतील मुलांना यंत्राची चित्रे दाखवून त्यांतील चुका शोधावयास लावाव्यात. वारली फेर का तुटला आहे, बैलाचे जू कोठे चुकले आहे, हे ज्या मुलाला सांगता येईल, ते मूल यंत्राचे गुलाम होणार नाही.

कलावंत बंधूंनाही दोन शब्द. आपली मूळ रेखाटने तारखेसह जपून ठेवा. महाजालावर चित्र टाकताना ते लहान आकारात आणि नाव घालून टाका. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी चित्रातील शैली यंत्राला सहज उचलता येऊ नये, यासाठी २०२३ साली ‘ग्लेझ’ नावाचे विनामूल्य साधन उपलब्ध करून दिले, त्याची माहिती करून घ्या. हे संरक्षण अभेद्य नाही, पण दार लोटून ठेवण्याइतका उपयोग त्याचा निश्चित आहे. मुख्य म्हणजे एकत्र या. अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप करून यंत्राच्या वापरावर लेखी मर्यादा घालून घेतल्या, त्या संघटना होती म्हणूनच. आपल्याकडे नाट्य आणि चित्रपट क्षेत्रांत संघटना आहेत. बोधचित्रकार, पाट्या रंगविणारे आणि लोककलावंत मात्र बहुतेक ठिकाणी एकटे आहेत.

मित्रहो, पेंटर आपल्या गावातून नाहीसा होत होता तेव्हा तो कोणत्याही ठरावाने घालविला गेला नव्हता. शंभर लहान निर्णय झाले, प्रत्येक निर्णयात थोडा पैसा आणि थोडा वेळ वाचला आणि शेवटी एक विद्या गेली. आताही निर्णय तसेच लहान असणार आहेत. या वर्षीची दिनदर्शिका, शाळेची भिंत, जत्रेचा फलक, असा एकेक निर्णय आपल्या टेबलावर येईल. त्या वेळी पहिला प्रश्न एवढाच विचारा की, हे काम करू शकणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे काय? असल्यास त्याला बोलावून घ्या.